चार पोती खडेमीठ

पाण्याचा घोट तोंडात धरायचा, मान वर करून आभाळाकडे पाहायचं, आणि समोरचा बोलायला लागला की हात आडवा करायचा. थांब. मग तो घोट थुंकायचा. दुसरा घ्यायचा आणि गिळायचा. मग काय ते सांगायचं. कुठलंही पाणी असो, त्याची ही रीत चुकली नाही.

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गावातल्या फिल्टरवरून कॅन भरून आणणं. सायकल माझी, कॅन माझी, ढकलायला तो. मी मशीनमध्ये नाणं टाकलं, नळी कॅनमध्ये धरली, तर ह्याने मध्येच ओंजळ घातली. घोट तोंडात, मान वर. मागे बायांची रांग लागलेली.

"आबा, पाणी पेयाचं हाय का त्याच्यासंगं बोलाचं हाय?" मागून एक बाई म्हणाली.

त्याने हात आडवा केला. थुंकला. दुसरा घोट गिळला.

"मुकं हाय," तो म्हणाला. "कोठून आलं, कोणत्या दगडातून आलं, काहीच सांगत नाही बे. माय नाही, बाप नाही."

"तं नको पेऊ," मी म्हटलं.

"म्या कुठी पेतो? तुह्यासाठी ढकलून राह्यलो."

बाया हसल्या. मला हसू आलं नाही. ज्या दोघांनी अर्ध्या मुलखाच्या विहिरी खोदल्या ते दोघे म्हातारपणी पाण्याच्या रांगेत उभे होते. यात हसण्यासारखं काय आहे ते तुम्हीच सांगा.

त्याचं नाव लिहीत नाही. त्याची मुलं-नातवंडं याच गावात राहतात आणि ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे त्यांचे हात लांब आहेत. नाव नसलं तरी आमच्या भागातल्या जुन्या माणसांना तो कोण हे पहिल्या चार ओळींतच कळलं असेल.

तो विहिरीत उतरणारा. मी वर यारीवर, म्हणजे खालची डबर उचलायची जी कप्पी-दोराची उचलणी असते तिच्यावर. तीसेक वर्षं त्याचा जीव माझ्या दोरावर होता. तेवढ्या वर्षांत त्याने मला एकदाही "नीट धर" म्हटलं नाही. खालून फक्त ओरडायचा, "मुरूम सरला बे!" किंवा "काळा लागला!" काळा म्हणजे काळा खडक. तो लागला की मालकाचं तोंड उतरायचं आणि ह्याचं फुलायचं. म्हणायचा, "मुरुमातलं पाणी भटकं असते. काळ्यातलं वाटेनं येते. वाट सापडली का झालं."

आमचं गाव खारपाणपट्ट्याच्या काठावर आहे. नांदुऱ्याकडे उतरलं की पाणी खारं, मोताळ्याकडे चढलं की गोड. गावाचेही तसेच दोन भाग. पोरगी द्यायची तर आमच्याकडे जमिनीआधी विचारतात, पाणी गोड आहे का? गोड म्हणजे काय, तर ज्यात तुरीची डाळ शिजते ते. डाळ शिजली की पाणी पास. आमच्या बोलण्यात पाण्याच्या या दोनच जाती. तिसरंही पाणी असू शकतं, हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

माझ्या वावरातली विहीर आम्हीच खोदली. त्या वेळी पाणी लागलं की मालक नारळ फोडायचा आणि पहिलं पाणी घरातली माणसं प्यायची. ज्याने पाणी काढलं त्याला मात्र कितीतरी वावरांत वरून ओंजळीत ओतायचे. त्याची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, जयभीमवाल्यांची, म्हणून. मी यारीवर उभा राहून ते पाहत असे आणि गप्प बसत असे. तेही लिहून ठेवतो.

माझ्या विहिरीला पाणी लागलं त्या दिवशी मी नारळ शोधत होतो. तेवढ्यात बायकोने लोटा भरला आणि सरळ त्याच्या हातात दिला.

"भाऊजी, पयले तुम्ही. उतरले तं तुम्ही, हे तं वरतीच उभे होते."

त्याने माझ्याकडे पाहिलं. घोट तोंडात, मान वर. तिने काही विचारायला तोंड उघडलं तर तिलाही हात आडवा. थुंकला, मग दुसरा घोट गिळला.

"वहिनी, साखर हाय," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी तिने त्या पाण्यात डाळ लावली. अशी शिजली की घोटायची गरज पडली नाही. त्याला घरी बोलावून वाढली. तेव्हापासून तिच्यासाठी पाण्याच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. माझ्या कुठल्याच शब्दाला घरात एवढा मान कधी मिळाला नाही.

मग वरच्या अंगाला, माझ्या वावरापासून चार वावरं सोडून, पत्र्याचं शेड उभं राहिलं. कुणाचं, ते जाऊ द्या. ट्रकने रिकामे ड्रम यायचे, लोखंडाचे, प्लास्टिकचे. ते आत धुवायचे आणि चकचकीत करून परत पाठवायचे. आधी त्या ड्रमांत काय असायचं हे धुणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. धुतलेलं पाणी कुठं जातं ते दिसत नव्हतं. नाल्यात थेंब नाही, बांधावर ओल नाही. लोक म्हणायचे, किती स्वच्छ कारखाना.

एक-दोन वर्षं गेली असतील. एका सकाळी बायको हंडा ठेवून म्हणाली, "पाण्याले वास येऊन राह्यला. गॅरेजात येते ना, तसा."

मी वास घेतला. मला आला नाही. माझं नाक तंबाखूनं कधीच गेलेलं. तिचा माझ्यावर विश्वास नव्हताच. तिने त्याला निरोप धाडला.

तो आला. घोट तोंडात, मान वर. या वेळी जरा जास्त वेळ लावला.

"खारं आलं का?" तिने विचारलं.

"नाही ना."

"मंग?"

"गोड हाय वहिनी. पयल्याइतकंच गोड हाय. डाळ शिजते ना?"

"शिजते."

"मंग पेत जा बिनघोर."

एवढंच बोलणं झालं. ती पीत राहिली. मी त्या दिवसांत बराच वेळ गावात, पारावर, हॉटेलात, कुठलंही पाणी प्यायचो. ती वावरातच राबायची आणि त्याच विहिरीचं प्यायची. पुढे तिचे पाय सुजायला लागले. मग तोंड सुजलं. मग खामगावच्या खेपा सुरू झाल्या, यंत्रावर रक्त धुवायच्या. डॉक्टरला मी विचारलं, कशाने झालं? तो म्हणाला, "बाबा, तुमच्या पट्ट्यात घरोघरी किडनीचे पेशंट आहेत. खाऱ्या पाण्याने होतं." मी म्हटलं, आम्ही तर गोड पितो. त्याने मान हलवली आणि पुढचा पेशंट बोलावला.

ती गेली. कशी गेली ते लिहीत नाही.

तिच्या मातीला तो आला, खांदा दिला आणि नंतर महिनाभर फिरकला नाही. आला तेव्हा मी जेवायला बसलो होतो. भाकर मीच थापलेली, जाड, एका बाजूने करपलेली. तो समोर बसला. माझ्या ताटातली भाकर ओढली आणि तिच्या एका काठाला, पापुद्र्याच्या फटीत, वाटीतलं पातळ कालवण ओतलं.

"काय करून राह्यला बे?"

हात आडवा. आम्ही दोघं त्या भाकरीकडे पाहत बसलो. वरून कोरडीच्या कोरडी. जरा वेळाने पलीकडच्या काठातून कालवणाचा लाल थेंब ताटात पडला.

"पाह्यलं? मधात ओली झाली का? नाही. वरून दिसलं का? नाही. ह्या काठानं शिरलं, त्या काठानं निंगलं." तो बोट चाटत म्हणाला. "म्या शेडाच्या मांगं जाऊन आलो. तिथी जुनी बोअर हाय, कोरडी गेलेली. भिंतीतून पाइप बाहेर काढला अन् त्या बोअरच्या तोंडात खुपसला. सारं धुवन खाली सोडून राह्यले."

"कोरडी हाय म्हणतोस ना? मंग पाण्याले कशी लागन?"

"कोरडी बोअर म्हणजे उलटी हीर. ते वर देत नाही, खाली घेते. देशील तेवढं घेते. अन् खाली काळा हाय. काळ्यात एक सांध भेटली का पाणी पायी चालत नाही बे, गाडीत बसते."

मी म्हटलं, हे मला कशाला सांगतोस? कचेरीत सांग. तो म्हणाला, "कचेरीत इचारतीन, वाट दाखव. वाट काढल्याशिवाय जात नाही."

वाट काढायला त्याने काय केलं ते मला नंतर कळलं. नांदुऱ्याहून चार पोती खडेमीठ आणलं. दिवाळीत शेड बंद होतं. भर दुपारी बैलगाडीतून पोती नेली, पाइप बाजूला केला, आणि नाल्याच्या पाण्यात मीठ कालवून कालवून सगळं त्या बोअरमध्ये ओतलं. कुणी अडवलं नाही. म्हातारा माणूस मीठ ओततो आहे तर कुणाला काय वाटणार? काहीतरी नवस असेल.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज सकाळी माझ्या विहिरीवर. घोट, मान वर, थुंकी, दुसरा घोट. मग खालच्या शेजाऱ्याच्या विहिरीवर तेच. मी म्हणालो, "काऊन रे, काही व्रत घेतलं का?" तो म्हणाला, "आयकून राह्यलो." मी समजलो, म्हाताऱ्याचं डोकं गेलं. बायको माझी गेली आणि वेड त्याला लागलं.

बारा-तेरा दिवसांनी मी वावरात पोचलो तर तो विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडायचं त्या दगडावर, बसून रडत होता आणि हसतही होता.

"आलं बे! खारं आलं! पेऊन पाह्य!"

मी प्यालो. खारट. माझ्या विहिरीचं पाणी, साखर होतं ते पाणी, खारट. शेजाऱ्याचं तसंच गोड. मग त्याने मिठाची गोष्ट सांगितली.

मी त्याच्या तोंडात मारली. तीस वर्षांत पहिल्यांदा. तो गालावर हात ठेवून म्हणाला, "मार. पण वाट भेटली ना? मीठ ज्या वाटनं आलं, त्याच वाटनं ते धुवन आलं. वहिनीले वास खरा आला होता. म्या जिभेनं पाह्यलं. नाकानं पाह्यलं नाही."

आता तुम्ही म्हणाल, मग काय, झालं काम. ऐका.

अर्ज आम्ही त्याच दिवशी टपालात टाकला, एका मास्तरकडून लिहून घेऊन. आम्हाला वाटलं, सरकारी माणूस वर्षभराने येईल. तोवर मीठ वाहून जाईल, पाणी परत गोड होईल, आणि उरलेलं काय आहे ते त्यांच्या यंत्रात दिसेल. माझ्या आयुष्यात सरकार एकदाच वेळेवर आलं. आठवड्याच्या आत आलं. तरणाताठा साहेब होता, पायात बूट, हातात थंड पेटी. बाटली भरली. पाण्यात एक कांडी बुडवली, तिच्यावर आकडा पाहिला आणि म्हणाला, "काका, पाण्यात क्षार खूप आहेत. हा खारपाणपट्टाच आहे. नैसर्गिक आहे."

"साहेब, हे पाणी गोड हाय," मी म्हटलं.

"गोड कसं असेल? खारं आहे. तुम्हीच प्या."

तो माझ्या मागे उभा होता. पुढे आला. त्याला खोटं बोलता आलं असतं, निदान गप्प राहता आलं असतं. मला वाटलं, राहील गप्प.

"साहेब, मीठ म्या टाकलं," तो म्हणाला.

त्याने सगळं सांगितलं. बोअर, पाइप, चार पोती, भाकरीचं सुद्धा. साहेबाने ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता, मला वाटतं. पण त्याच्या कागदावर भाकरीला रकाना नव्हता. त्याने विचारलं, "म्हणजे भूजलात बाहेरून पदार्थ तुम्ही सोडलात?"

"हाव. वाट पाह्यासाठी."

"लिहून द्याल?"

"देतो ना."

आमच्या म्हाताऱ्याला वाटलं, लिहून दिलं म्हणजे साक्ष झाली. सही केली, ठसठशीत, शाळेत घोटलेली. शेडात साहेब गेला तेव्हा पाइप तिथे नव्हता. बोअरच्या तोंडावर सिमेंट होतं, अजून ओलं. बाटलीचा निकाल आला, त्यात क्षार होते. दुसरं काही त्यांनी तपासलं की नाही ते कागदावर नव्हतं. त्याला मात्र समज देणारी नोटीस आली, पाण्याचा स्रोत दूषित केल्याबद्दल. पाणी नासवलं म्हणून आमच्या गावात आजवर कागद निघाला तो एकाच माणसाच्या नावाने, आणि तो माणूस हा. त्याने ती नोटीस प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवली होती. पाहुणे आले की दाखवायचा. "पाह्य, सरकारनं मानलं. वाट हाय म्हणून मानलं. नाहीतं म्या तिकडे टाकलेल्या मिठानं इकडची हीर दूषित कशी झाली?" बरोबर होतं त्याचं. पण ते कुणी ऐकून घेतलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात शेडही उठलं. दुसऱ्या कुठल्या गावाला गेलं. तिथे कुणी भाकरीवर कालवण ओतणारा आहे की नाही, ठाऊक नाही.

मीठ वाहून गेलं. पाणी परत गोड झालं. आणि तो रोज सकाळी येत राहिला.

"आता कायची वाट पाह्यतो?"

"वास जाते का ते पाह्यतो. शेड गेलं, पण सांधीत भरलेलं हाय ना. पाऊस पडला का खाली ढकलते, हीर उपसली का इकडे ओढते. ते अजून चालून राह्यलं बे."

"मंग दुसरा घोट तरी थुकत जा."

"गिळल्याबिगर घशाले समजत नाही."

दोन पावसाळे तो असा गिळत राहिला. आपल्याला शिक्षा करून घेत होता की खरंच पाहत होता, हे मी कधी विचारलं नाही. बोललो फक्त टोचून. त्याच्याशिवाय बोलायला दुसरं होतं कोण?

आता शेवटच्या दुपारचं. कॅन घरी पोचवून आम्ही वावरात गेलो. मी पालक लावली होती. दोन वाफे, हिरवीगार, हाताएवढी पानं. पाय चालत नाहीत, कापूस होत नाही. पालक महिन्यात येते, टेम्पोवाला बांधावरून उचलतो आणि नांदुऱ्याच्या बाजारात नेतो. पाणी अर्थात त्याच विहिरीचं. तो बांधावर उभा राहिला. बराच वेळ वाफ्यांकडे पाहत होता.

"उपट," तो म्हणाला.

"काय?"

"पालक उपट. सोताले कॅनचं पाणी पेतो, अन् लोकाले हिरीचं खाऊ घालतो?"

"लोक धुऊन खातात."

"पानात शिरलेलं कसं धुतीन? तुले समजत नाही का? आपल्याले एवढं समजलं, तरी आपूनच..."

तो खरं बोलत होता, म्हणूनच माझं डोकं फिरलं. मी म्हटलं ते जसंच्या तसं लिहितो. मी म्हटलं, "तू नको शिकवू मले. तूच म्हणला होता, गोड हाय. डॉक्टर काही म्हणो, ते तुह्या जिभेनं मेली."

त्याने हात आडवा केला नाही. वर पाहिलं नाही. विहिरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हाव," म्हणाला.

एवढंच. मग पायजमा झटकला आणि बांधाबांधाने खालच्या वस्तीकडे निघून गेला. मी हाक मारली नाही. मारावीशी वाटली होती, मारली नाही. वाटलं, सकाळी येईलच घोट घ्यायला.

सकाळी तो आला नाही. त्याचा पुतण्या आला. म्हणाला, "आबा झोपेतच गेले. डॉक्टर म्हणे, हृदय." दहा वाजता उचलायचं आहे, असं सांगून तो पुढच्या घरी गेला.

मी गावात गेलो नाही. वावरात गेलो. आणि पालक उपटायला लागलो. कापून नाही, मुळासकट. कंबर मोडत होती. दोन्ही वाफे साफ केले आणि बांधावर ढीग घातला. ढीग मोठा झाला. मग त्याच्याजवळ उभा राहिलो, आणि कळेना की हे टाकायचं कुठं. उकिरड्यावर टाकलं तर खत होऊन परत वावरात. नाल्यात टाकलं तर खालच्याच्या वावरात. पुरलं तर मुरणार. ओली पालक पेटत नाही.

टेम्पोवाल्याने बांधाजवळ गाडी थांबवली. "वा काका, आज तं लयच माल! जुड्या नाही बांधल्या?"

"विकायची नाही."

"मंग ढोराले टाकता?"

"ढोरालेही नाही."

"मंग?"

मी निसटलेली पानं गोळा करून ढिगावर टाकली. त्याने मान हलवली आणि गाडी घेऊन गेला.

खालच्या वस्तीतून बुद्धवंदनेचा आवाज यायला लागला. दहा वाजत आले होते. माझे हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले. धुवायला पाणी होतं ते विहिरीचं. मी विहिरीकडे पाठ केली, हात तसेच घेऊन वस्तीत गेलो, आणि खांदा दिला.